खांदशेकणीची रजा

नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. घरी जे शिकवलं होतं ते अर्जाच्या नेमकं उलट होतं.

आमचं गाव धनजच्या पलीकडे, कारंज्याच्या बाजारावर जगणारं. काळं वावर, त्यात कपाशी, ज्वारी, तूर. दावणीला दोन बैलजोड्या आणि घरात एक सालगडी. सालगडी म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेला गडी. त्याचं वर्ष पाडव्याला लागायचं आणि पुढल्या पाडव्याला संपायचं. त्यामुळे पाडव्याच्या आसपास आमच्याकडे गुढीपेक्षा जास्त चर्चा कोणाचं साल कोणाकडे ठरलं याचीच.

साल ठरवायची एक रीत होती. गडी नवा आणि तरणा असेल तर तो एकटा कधी येत नसे. बाप बरोबर येई. बाप नसला तर काका, मामा, कोणीतरी मोठं माणूस. गड्यानं ओसरीवरच्या खांबाला टेकून खाली मान घालून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. जे बोलायचं ते बापानं. बापही तारीफ करत नसे. तो आधी पोराची खोड सांगे. बैल विकताना खोड लपवली तर सौदा नासतो, तेच इथंही. पोरगा तापट आहे, पोराला चहा लागतो, पोराची झोप भारी आहे. खोड ऐकून मालक हसला की साल ठरलं असं समजायचं. मग बाप आपल्या बाजूचं विचारी. भाकर मालकाघरची की आपल्या घरची? पायात जोडा मिळेल ना? घोंगडी मिळेल ना? आणि सगळ्यात शेवटी पोळा.

पोळ्याच्या दिवशी सुट्टी असतेच, ती मागावी लागत नाही. प्रश्न असे तो आदल्या संध्याकाळचा, खांदशेकणीचा. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा त्या संध्याकाळी पळसाच्या पानांनी, हळद आणि लोणी लावून शेकतात. मग घरचा कर्ता माणूस बैलाच्या कानाशी वाकतो आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. ज्या गड्याच्या स्वतःच्या घरी बैल आहे त्याला त्या संध्याकाळी आपल्या घरी जायचं असतं, आणि मालकालाही नेमका त्याच संध्याकाळी गडी हवा असतो. जोडा, घोंगडी सगळं जुळून एवढ्या एका संध्याकाळीवरून साल मोडलेलं मी पाहिलेलं आहे.

एखादा तरणा गडी एकटाच साल मागायला आला तर आमचे बाबा त्याला पाणी देत, तंबाखू देत आणि परत पाठवत. "संगं कोणी नाई म्हंजे घरून भांडून आला असंन," म्हणत. "आज तिथून पयला, उद्या इथून पयन."

या सगळ्याचा इतिहासाच्या एम. ए.शी काय संबंध, असं कोणाला वाटेल. मलाही वाटत होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मी एम. ए. होऊन घरी आलो होतो. आमच्या भागात तेव्हा एवढं शिकलेलं माणूस म्हणजे बघायची वस्तू. कामरगावहून पाव्हणे आले की मला ओसरीवर बोलावून दाखवत. एक मावसकाका दर वेळी तेच विचारत, "एमे झालं त मंग आता वखर धरता येते का त्याले?" सगळे हसत, मीही हसे, आणि आतून जळफळाट होई. कारंज्याच्या शाळेत जागा नव्हती. कचेरीत कारकुनी करायची मला इच्छा नव्हती. मला शिकवायचं होतं, तेही कॉलेजात. आमच्या प्राध्यापकांसारखं टेबलाला टेकून उभं राहायचं, समोर पोरं, हातात खडू, आणि अशोकापासून सुरुवात. हे स्वप्न इतकं पक्कं होतं की दुसरं काही करायची वेळ आली असती तर मी ते केलं असतं, पण माझ्यातलं काहीतरी वाया गेलं असतं. तसं मी कोणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

बाबांचं मन मला कळत नव्हतं. मी एकुलता एक. आमच्या भावकीतला एक जण रेल्वेत लागून नागपूरच्याही पलीकडे गेला होता, आणि त्याची माय रोज संध्याकाळी आमच्या मायजवळ येऊन त्याच्याबद्दलच बोलत बसे. ती आली की बाबा उठून गोठ्यात जात. एवढंच मला दिसायचं.

कारंज्याच्या वाचनालयात नागपूरचं वर्तमानपत्र येई. त्यात एक दिवस जाहिरात दिसली. वऱ्हाडातल्याच एका शहरात दोन वर्षांपूर्वी नवं कॉलेज निघालं होतं आणि त्यांना इतिहासाचा माणूस हवा होता. मी तिथंच बसून इंग्रजीत अर्ज खरडला, घरी आणून चांगल्या कागदावर उतरवला, आणि जेवताना हौसेनं बाबांना त्याचं मराठी करून वाचून दाखवला. इतिहासावर माझं प्रभुत्व आहे. शिकवण्याची मला उपजत आवड आहे. माझी वर्तणूक उत्तम असून मी कष्टाळू आणि विश्वासू आहे.

बाबांचा घास हातातच राहिला. "हे कोणं लिवलं?"

"मीच."

"सोताबद्दल सोताच?"

"अर्ज असाच असतो, बाबा."

बाबांनी मायकडे पाहिलं. पोराला काही झालं तर नाही ना, अशी ती नजर होती. "बैल बजारात नेला त बैल सांगते का, मी लय चांगला हाओ म्हणून?"

माय तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी चिडून म्हणालो, "माझ्या प्रोफेसरांचंही पत्र जोडलं आहे."

"तो मानूस आपल्या घरी आल्ता का कधी?"

"नाही."

"तेनं तुले वावरात पाह्यलं?"

"नाही, बाबा."

"मंग तेले काय माहीत तू कसा हाये ते?" बाबा म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. या माणसापुढे डोकं आपटून काही उपयोग नाही असं ठरवून मी अर्ज पाठवून दिला.

वैशाखाच्या शेवटाला मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आनंदानं घरभर नाचायचाच बाकी होतो. कारंज्याच्या शिंप्याकडे कोट टाकला. बाबांनी बोलावण्याचा दिवस विचारून घेतला, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाले, "त्या दिवशी वखरनी राहीन मंग. मी येतो."

"कुठं?"

"तुह्यासंगं. साल ठरवाले."

मला वाटलं, थट्टा करताहेत. करत नव्हते. मी समजावून सांगितलं की हे कॉलेज आहे, तिथं विद्वान लोक प्रश्न विचारतात, बापाला कोणी घेऊन येत नाही, लोक हसतील.

"काहून? तिथल्या पोट्ट्याइले बाप नाईत का?"

"असतात, पण ते घरी असतात."

"मंग तिथले मालक काय समजत असतीन?" बाबांना खरोखरच वाईट वाटलं. "नाई बापू. मी जित्ता असून तू एकटा गेला त तो मानूस म्हणन, घरून पयून आला."

मी मायकडे अपील केलं. मायनं सरळ दोघांच्या भाकरी बांधल्या.

कारंज्यापर्यंत दमणीनं गेलो. दमणी हाकायला आमचा सालगडी होता. तो मूळचा मानोऱ्याकडचा. इतक्या पाडव्यांना त्याचं साल आमच्याच घरी ठरत आलं होतं की ठरवणं नावालाच उरलं होतं. त्यालाही माझ्या नोकरीची काळजी. वाटेत तो मागं वळून वळून मला शिकवत होता.

"मान खाली ठेवजो, बाबू. मालकाच्या डोयात डोये घालू नोको."

"तिथं डोळ्यांत बघूनच बोलावं लागतं."

"असं का? लय अवघड हाये मंग," तो म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक दिली. मनातून त्याला माझी कीव आली असावी.

कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं पुढं. छोटी गाडी इतकी सावकाश चाले की बाबांना वाटेतल्या प्रत्येक वावराची पारख करता आली. कोणाची वखरणी झाली, कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कचरा राहिला, ते सगळं त्यांनी मला सांगितलं. मी नव्या कोटात घामाघूम होऊन गुप्त राजांची वंशावळ घोकत होतो. बाबा धोतर, बंडी, फेटा आणि खांद्यावर शेला अशा थाटात खिडकीला बसले होते. ते मला राजासारखे दिसले असं आता लिहायला सोपं आहे. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की यांनी कॉलेजच्या फाटकाबाहेर कुठंतरी सावलीला बसावं.

कॉलेज एका बंद पडलेल्या जिनाच्या आवारात होतं. सरकी काढायची यंत्रं गेली होती, पण कपाशीचा वास गेला नव्हता आणि तुळयांना अजून रुईचे पुंजके लटकत होते. बाबांनी आत शिरल्याबरोबर खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "जागा चांगली हाये." बाकावर माझ्याआधी एक जण येऊन बसला होता. पुण्याकडचा, चष्मा, टाय, बोलणं एकदम स्वच्छ. जागा एकच होती आणि तोही इतिहासाचाच. त्यानं बाबांकडे पाहून मला हळूच विचारलं, "हे आपले...?"

"वडील," मी म्हणालो, आणि हसण्याची वाट पाहत राहिलो. तो हसला नाही. उठला आणि त्यानं बाबांना वाकून नमस्कार केला.

बाबा बाकावर बसले नाहीत. दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या पोराला विचारलं, "तुमचे वडील नाई आले?"

"मी लहान असतानाच वारले ते."

"काका? मामा?"

"नाही. मी एकटाच आलो आहे."

"मंग तुमच्यासाठी कोण बोलन?" बाबांनी काकुळतीनं विचारलं. बाबांनी फडकं सोडून त्याला भाकर आणि ठेचा दिला. तो पोरगा बाबांशेजारी खाली बसला आणि टायवर सांडू नये म्हणून पुढं वाकून जेवला.

आत दोघे जण होते. प्रिन्सिपॉल पुण्याकडचे, बारीक, करड्या नजरेचे. दुसरे संस्थेचे अध्यक्ष. हे मोठे कास्तकार, कॉलेजला जागा यांनीच दिलेली. ते खुर्चीत मांडी घालून सुपारी कातरत होते. प्रश्न सगळे प्रिन्सिपॉलच विचारत होते, इंग्रजीत, आणि मी बऱ्यापैकी उत्तरं देत होतो. अध्यक्ष मध्येच मान वर करून माझ्या कोटाकडे पाहत आणि पुन्हा अडकित्त्यात रमत.

मग प्रिन्सिपॉलांनी तो प्रश्न विचारला. आम्ही तुम्हालाच का घ्यावं? तुमच्यात इतरांहून विशेष काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून आलो होतो. चांगली सात-आठ वाक्यं होती, दोन तर अर्जातलीच. तोंड उघडलं, आणि अर्धवट उघड्या दारातून मला बाबांच्या फेट्याचं टोक दिसलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. तरी त्या टोकासमोर, मी कष्टाळू, मी विश्वासू, हे माझ्या तोंडून निघेना. प्रयत्न केला, खोकलो, पुन्हा प्रयत्न केला. प्रिन्सिपॉल वाट पाहत होते. शेवटी मी काय बोललो ते मलाही बोलून झाल्यावर कळलं, आणि तेही मराठीत.

"माझं मी कसं सांगू? बाहेर माझे वडील बसले आहेत."

सगळं संपलं, असं मला वाटलं. प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला. अध्यक्षांचा अडकित्ता थांबला.

"बाप आला हाये?" अध्यक्षांनी मांडी सोडली. "मंग बाहेर कायले बसवला त्याले? बोलवा ना!"

बाबा चपला दाराशी काढून आत आले. दोघांना रामराम घातला. खुर्ची दिली तर तिच्या अगदी कडेला बसले. मी उभाच होतो, आणि पाय आपोआप मागं सरकून मी भिंतीला टेकलो, मानही खाली गेली. सालगड्याच्या शिकवणीचा काही उपयोग नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हटलं होतं!

"पोराचं सांगा, पाटील," अध्यक्ष म्हणाले.

"खोड सांगतो अगुदर," बाबा म्हणाले. "याच्या हाती पुस्तक असलं का याले दुसरं काही दिसत नाई. आमच्या तुरीत ढोरं शिरले, अर्धी तूर खाल्ली, हा धुऱ्यावर बसून वाचून राह्यला. दुसरी खोड, हा रागीट हाये, पन राग याच्या पोटात राह्यते, बाहेर निंगत नाई. बाकी तुमी पाहून घ्या."

अध्यक्ष खो खो हसले. साल ठरवताना मालक हसतो तसंच. प्रिन्सिपॉल मात्र हसले नाहीत. त्यांनी जपून मराठीत विचारलं, "आमची अडचण वेगळी आहे. इथं आलेला माणूस टिकत नाही. वर्षभरात मोठ्या शहरात निघून जातो. तुमचा मुलगा राहील का?"

"ते तुमच्या हाती हाये," बाबा म्हणाले. "मी गडी ठेवतो, मले माहीत हाये. ज्याले घरी जाची सुट्टी भेटते तो पयत नाई." मग त्यांनी आपल्या बाजूचं विचारायला घेतलं. पगाराबद्दल चकार शब्द काढला नाही. याच्या जेवणाचं काय? खानावळीत तेल कसं असतं? शिकवायचं उभं राहून की बसून? प्रत्येक प्रश्नाला मी भिंतीत आणखी शिरत होतो. आणि सगळ्यात शेवटी बाबांचा आवाज बदलला.

"अन खांदशेकणीले पोरगा घरी पायजे."

प्रिन्सिपॉलांनी अध्यक्षांकडे पाहिलं. पोळ्याची सुट्टी आहेच, ते म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना आदल्या दिवसाचं समजावलं. तो दिवस कॉलेजचा, शिकवणीचा, दर वर्षी कसं जमणार, असं प्रिन्सिपॉल म्हणू लागले, आणि ते चूक नव्हते.

"माह्या घरी दुसरा पोरगा नाई," बाबा म्हणाले. "बाकी वरीसभर तुमचा. ती एक संध्याकाय माही."

मी मान वर केली. एवढ्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं ते मला त्या खोलीत, परक्या माणसांसमोर कळलं. ते मला अडवायला आले नव्हते. मला द्यायला आले होते, आणि द्यायच्या आधी एवढं एकच मागून घेत होते. माझे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी तुळईच्या रुईकडे पाहत राहिलो.

अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "नोकरी कोणाले द्याची ते अजून ठरलं नाई, पाटील. बाहेरचं पोरगं पाहून ठरन. पन तुमच्या पोराले घेतलं, त खांदशेकणीले तो तुमच्या घरी असंन. हा माहा शबुद."

एवढ्यावर मुकाट निघावं की नाही? बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "त्या बाहेरच्या पोराले बाप नाई, मालक. तेच्यासाठी कोणी बोललं नाई म्हणून तेले कमी लेखू नोका. खाली बसून खातानी मी पाह्यलं त्याले. चांगल्या घरचं लेकरू हाये."

आम्ही पायी स्टेशनाकडे निघालो. अध्यक्षांनी दिलेला विडा बाबा मजेत चघळत होते. स्टेशन आलं तेव्हा मला राहवलं नाही. "जागा एकच आहे, बाबा. तुम्ही त्याची शिफारस कशाला केली?"

"तेले बाप नाई ना," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला.

मृग लागायच्या आधी उत्तर आलं. मला घेतलं होतं. त्या पुण्याकडच्या मुलाला तिकडंच एका कॉलेजात जागा मिळाल्याचं पुढं कानावर आलं, तेव्हा मी ते बाबांना पत्रानं कळवलं. मला आलेलं उत्तर घेऊन मात्र मी वावरात धावत गेलो होतो. बाबा बियाणं पाहत होते. कागदाकडे त्यांनी नुसती नजर टाकली.

"खांदशेकणीचं लिवलं का त्यात?"

"नाही."

"असू दे. तोंडी ठरलं हाये ते."

आणि ते तसंच चाललं. पहिल्या वर्षी रजेच्या अर्जात कारण काय लिहावं हे मला सुचेना, म्हणून खरं तेच लिहिलं: खांदशेकणी. प्रिन्सिपॉलांनी तो अर्ज बराच वेळ हातात धरला आणि सही केली. पुढं कॉलेजात त्या रजेला नावच पडलं. आजारपणाची रजा, किरकोळ रजा आणि खांदशेकणीची रजा. बरोबरचे लोक चिडवत, "काय प्रोफेसर, आवतण आलं का?" मला राग यायचा नाही. मी वर्गात ठरवून ठेवल्याप्रमाणे टेबलाला टेकून उभा राहायचो, खडू हातात घ्यायचो आणि अशोकापासून सुरुवात करायचो. पोरं ऐकायची. माझं सगळं आयुष्य मला हवं होतं तसं झालं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

श्रावण संपता संपता मी छोट्या गाडीनं कारंज्याला उतरायचो. सालगडी दमणी घेऊन उभा असायचा. घरी पोचेपर्यंत दिवस कलायचा, मायनं लोणी आणि हळद काढून ठेवलेली असायची. पळसाची पानं मी धरायची, खांदा मी शेकायचा. वर्षाचं ओझं जुवानं खांद्यावर पडलेल्या गाठीत लागायचं हाताला. आवतण मात्र बाबांचं. ते बैलाच्या कानाशी वाकत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं उद्या जेवायला यायचं सांगत. मी कोट काढून, बाह्या सरसावून मागं उभा असायचो.

लढाई संपली त्या हिवाळ्यात बाबा गेले. दोन दिवसांचा ताप, तार मला मिळेपर्यंत सगळं झालं होतं. वावर सालगड्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं, एक जोडी विकली, एक ठेवली. मायला मी माझ्याबरोबर चल म्हणालो, ती आली नाही. बाबांनंतर मला गावाकडं पाऊल टाकणं नको वाटायला लागलं. बाबा ज्याच्यासमोर बसून साल ठरवत तो ओसरीवरचा खांब दिसला की मला तिथं उभं राहवत नसे. श्रावण आला तसा मी मनाशी ठरवलं की यंदा जायचं नाही. कोणाकडे जायचं? ज्यानं मागून घेतलं होतं तोच राहिला नव्हता. रजेचा अर्ज मी दिला नाही.

खांदशेकणीच्या दिवशी सकाळी मी वर्गात होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं, तर अध्यक्ष. आता बरेच थकले होते, काठी टेकत आले होते. पोरं उभी राहिली.

"तू इथं काय करून राह्यला?" त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं.

मी त्यांना बाहेर नेलं. "बाबा गेले, साहेब. आता जाऊन काय करू? तुम्हीही त्या शब्दातून मोकळे झालात."

म्हातारा संतापला. काठी त्यांनी जमिनीवर आपटली. "मी शबुद तुले देल्ता का? तुह्या बापाले देल्ता. तो असता त त्यानं मले सोडलं असतं. आता मले सोडणारा कोण राह्यला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा. अकराची गाडी हाये. वर्गात मी बसतो."

ते खरोखरच वर्गात जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. त्यांनी पोरांना काय शिकवलं ते मला कधी कळलं नाही.

कारंज्याला दमणी उभी होती. मी कळवलेलं नव्हतं. "मले माहीत होतं," सालगडी एवढंच म्हणाला. त्यानं बैलांना हाक दिली. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आली होती, आणि कोणाच्या धुऱ्यावर कचरा राहिला आहे ते माझं मलाच दिसत होतं.

घरी पोचलो तेव्हा गोठ्यासमोर सडा टाकलेला होता. मायनं लोणी, हळद, पळसाची पानं, सगळं मांडून ठेवलं होतं. मी कोट काढला. खांदा शेकला. थोरला बैल डोळे मिटून उभा राहिला. मग हात आपोआप थांबले, कारण यापुढचं काम माझं नव्हतं. मी मागं सरकलो, तर मागं कोणी नव्हतं. सालगडी खाली पाहत उभा होता.

आता बोलायला मीच. वर्गात तासभर न थांबता बोलणारा माणूस मी, मला तीन शब्द जुळवता येईनात. बैलाच्या कानाशी वाकलो आणि कसंबसं पुटपुटलो. बैलानं कान हलवला आणि मान वळवून माझ्या मागं पाहिलं.

माय दारात उभी होती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मोठ्यानं सांग, बापू. तेले तुह्या बाबाच्या आवाजाची सवय हाये."

मी पुन्हा वाकलो आणि मोठ्यानं सांगितलं.